परवलीचें वचन

आमच्याकडील जुन्या वळणाच्या घरांत सकाळीं देवापुढें बसून पोथींतील चार ओव्या म्हटल्याशिवाय दिवसाच्या व्यवहाराला हात घालावयाचा नाहीं, अशी चाल होती. कित्येक घरांत ती अजूनही आहे. त्या चार ओव्यांपैकीं एखादी दिवसभर मनांत घोळत राहते आणि प्रसंग पडला म्हणजे घरांतील वडील माणसाप्रमाणें पाठीवर हात ठेवते, असा अनुभव वाचकांपैकीं अनेकांच्या गांठीं असेल. ख्रिस्ती घरांतून हेंच काम बायबलांतील वचन करीत आलें आहे. त्या धर्माच्या इतिहासांत मठ, पंथ, धर्मयुद्धें व वादविवाद यांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. परंतु सकाळीं न्याहारीच्या वेळीं वाचलेल्या एका वाक्यानें सामान्य गृहस्थाला दिवस काढण्याचें बळ कसें दिलें, हें सहसा कोणी लिहीत नाहीं. तें लिहिणें कठीणच. कारण असलें बळ दप्तरांत नोंदलें जात नाहीं. तथापि जर्मनींतील एका लहानशा खेड्यानें या नित्यवचनाचें पुस्तकच चालू केलें, आणि तें १७३१ पासून आजतागायत वर्षानुवर्षें निघत आहे. त्या पुस्तकाचा वृत्तांत आम्ही आज सांगणार आहों. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नव्हे; परंतु माणसाला धीर कोठून येतो, हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाहीं.

या कथेचा आरंभ निर्वासितांपासून होतो. बोहेमियांतील धर्मसुधारक यान हुस यास १४१५ सालीं कॉन्स्टन्स येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या शिकवणुकीला मानणाऱ्या कांहीं लोकांनीं १४५७ सालीं आपला एक बंधुसमाज स्थापिला. १६२० सालीं प्राग शहराजवळील श्वेतगिरीच्या लढाईंत बोहेमियांतील प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला आणि या बंधुसमाजावर आकाश कोसळलें. कोणी देशोधडीस लागले. जे मागें राहिले त्यांनीं आपली श्रद्धा घराच्या चार भिंतींआड लपवून पिढ्यान् पिढ्या जतन केली. प्रख्यात शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस हा याच समाजाचा धर्माध्यक्ष. तोही १६७० सालीं परदेशांतच वारला.

पुढें शंभर वर्षांनीं, १७२२ सालीं, मोराव्हिया प्रांतांतील अशीं कांहीं कुटुंबें ख्रिश्चन डेव्हिड नांवाच्या एका सुताराच्या मार्गदर्शनानें सरहद्द ओलांडून सॅक्सनींत आलीं. तेथील तरुण जहागीरदार काउंट झिंझेनडॉर्फ यानें त्यांना आपल्या जमिनीवर आश्रय दिला. त्या वेळीं त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. रानांतील झाडें तोडून जें गांव वसलें, त्याचें नांव हर्नहुट. अर्थ असा कीं, प्रभूच्या पहाऱ्यांतील ठिकाण.

परंतु नांव पवित्र ठेवल्यानें गांव पवित्र होत नाहीं. निरनिराळ्या मतांचे लोक तेथें येऊन राहिले, आणि छळ सोसून आलेल्या माणसांनीं आपसांत भांडण्यास प्रारंभ केला. हें वाचून कोणी आश्चर्य करूं नये. समान शत्रू दूर गेला म्हणजे मित्रांतील भेद मोठे दिसूं लागतात, हा सार्वत्रिक नियम आहे. झिंझेनडॉर्फनें घरोघर फिरून समजुती घातल्या, गांवाचे नियम बांधून दिले. आणि १३ ऑगस्ट १७२७ रोजीं एका उपासनेच्या प्रसंगीं या लोकांची मनें पुन्हां जुळलीं. तो दिवस तो समाज आपल्या पुनर्जन्माचा दिवस मानतो.

मनें जुळणें एक आणि तीं जुळलेलीं राहणें दुसरें. ३ मे १७२८ रोजीं सायंकाळच्या भजनाच्या वेळीं झिंझेनडॉर्फनें जमलेल्या मंडळींना एक लहानसें पद्यवचन दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं तें मनांत वागवावें असें सांगितलें. तेव्हांपासून हा प्रघातच पडला. रोज सकाळीं समाजांतील कोणी बंधु घरोघर जाऊन त्या दिवसाचें वचन सांगे. कधीं तें बायबलांतील असे, कधीं एखाद्या गीतांतील. जातांना तो घरच्यांची विचारपूस करी, आजाऱ्याची वास्तपुस्त घेई, आणि कोठें कांहीं उणें असल्यास तें वडीलधाऱ्यांच्या कानीं घाली. आमच्या मतें या प्रथेचें मर्म येथेंच आहे. वचन एकटें आलें नाहीं. तें माणसाच्या पायांनीं चालत आलें. ज्या दारीं कालच भांडण झालें त्या दारींही तेंच वचन गेलें, आणि दोन्ही घरांना दिवसभर एकाच वाक्याशीं नांदावें लागलें.

या वचनाला त्यांनीं दिलेलें जर्मन नांव लोझुंग असें आहे. तो शब्द लष्करांतला असून त्याला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द आहे : परवल. रात्रीं गडाच्या दारीं पहारेकऱ्यानें हटकलें म्हणजे जो सांगितल्यानें आपला माणूस ओळखूं येतो, तो परवलीचा शब्द रोज बदलतो आणि आपल्या पक्षाच्या सर्वांना सारखाच ठाऊक असतो. हर्नहुटच्या लोकांनीं बायबलाच्या वचनाकडे याच दृष्टीनें पाहिलें. १७३१ सालासाठीं वर्षभराचीं वचनें प्रथमच छापून निघालीं. त्या पुस्तकाच्या लांबलचक मथळ्याचा आरंभ ‘धीराचें मन’ अशा अर्थाच्या शब्दांनीं होतो. ते नीतिसूत्रांच्या पुस्तकाच्या जर्मन भाषांतरांतून घेतले आहेत. म्हणजे धीर देणें हाच या पुस्तकाचा पहिल्यापासून उघड सांगितलेला हेतु होता.

आज या पुस्तकाची रचना अशी आहे. प्रत्येक दिवसाला जुन्या करारांतील एक वचन असतें. तें कोणी निवडीत नाहीं. निवडून ठेवलेल्या सुमारें १८०० वचनांच्या चिठ्ठ्यांतून हर्नहुट येथें तें काढण्यांत येतें, आणि तेंही त्या वर्षाच्या सुमारें तीन वर्षें आधीं. त्याच्याशीं जुळेल असें नव्या करारांतील दुसरें वचन मात्र माणसें विचारपूर्वक निवडतात. आणि शेवटीं एखादें गीत किंवा प्रार्थना जोडतात. अशा रीतीनें दैवयोग, विवेक आणि भक्ति या तिघांची एका पानावर गांठ पडते. हें पुस्तक आतां पन्नासांहून अधिक भाषांत निघतें.

येथें आमचा सुशिक्षित वाचक थांबून विचारील कीं, चिठ्ठी टाकून काढलेलें वचन आणि आमच्या कोंकणांत देवाला लावलेला कौल यांत अंतर तें काय? प्रश्न रास्त आहे. आणि खुद्द हर्नहुटच्या लोकांनाही तो टाळतां आला नाहीं. अठराव्या शतकांत ते अनेक महत्त्वाच्या गोष्टींचा निर्णय चिठ्ठीनें करीत. कोणी कोणत्या देशीं जावें, इतकेंच नव्हे, तर कोणाचें लग्न कोणाशीं व्हावें कीं नाहीं, हेंही चिठ्ठीला विचारलें जाई. तरुण पिढीला याचा जाच होऊं लागला, यांत नवल नाहीं. १८१८ च्या धर्मसभेनें सामान्य सभासदांच्या विवाहांतून चिठ्ठी काढून टाकली, आणि पुढें त्याच शतकांत इतर निर्णयांतूनही ती हळूहळू गेली. राहिली ती एकाच जागीं, नित्याच्या वचनांत.

हा बदल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. कौल विचारणारा म्हणतो : मीं काय करावें तें तूं सांग. परवल घेणारा म्हणतो : माझें काम मला ठाऊक आहे, तें करतांना मी कोणाचा, एवढें मला विसरूं देऊं नकोस. पहिल्यांत माणूस आपल्या विवेकाचा भार दुसऱ्यावर टाकतो. दुसऱ्यांत तो भार उचलण्यासाठीं खांदा बळकट करून घेतो. शिवाय आपण स्वतः वचन निवडूं लागलों, तर आपल्याला गोड लागेल तेंच निवडूं. न निवडलेलें वचन कधीं समाधान देतें, तर कधीं आपल्या मर्मावर बोट ठेवतें. आणि खरा धीर पुष्कळदां अशा टोंचणींतूनच उत्पन्न होतो.

या परवलीच्या बळावर हे लोक कोठकोठें गेले, तें पाहण्यासारखें आहे. १७३२ सालीं डोबर नांवाचा कुंभार आणि निच्मान नांवाचा सुतार वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावर गुलामांना सुवार्ता सांगण्यास निघाले. पुढच्याच वर्षीं दुसरे कांहीं ग्रीनलंडच्या बर्फांत गेले. १७३६ च्या जानेवारींत अमेरिकेस जाणाऱ्या एका जहाजावर जॉन वेस्ली हा इंग्रज धर्मोपदेशक होता. वादळांत शीड फाटून समुद्राचें पाणी जहाजावर आलें तेव्हां इंग्रज उतारू आक्रोश करूं लागले, आणि या पंथाचीं जर्मन कुटुंबें बायकामुलांसह शांतपणें स्तोत्र गात राहिलीं. ती शांति वेस्लीच्या मनांतून कधीं गेली नाहीं; १७३८ सालीं तो मुद्दाम हर्नहुट पाहून आला.

या धाग्याचें एक टोंक आमच्या मराठीपर्यंतही येऊन पोंचलें आहे. १७९२ सालीं विल्यम कॅरीनें इंग्लंडांत जें प्रसिद्ध पुस्तक लिहून परदेशांतील धर्मकार्याचा पुरस्कार केला, त्यांत त्यानें याच मोराव्हियन बंधूंचें उदाहरण पुढें ठेविलें होतें. तोच कॅरी दुसऱ्या वर्षीं बंगालांत आला. आणि पुढें वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण, १८१० सालीं कोश व १८११ सालीं नव्या कराराचें मराठी भाषांतर श्रीरामपुरास छापून काढलें. हर्नहुटचा सुतार आणि मराठी मुद्रणाचा आरंभ यांच्यामध्यें एवढेंच अंतर आहे.

परंतु इतिहासकारानें केवळ आरती ओंवाळून चालत नाहीं. ज्या सेंट टॉमस बेटावर हे लोक गुलामांसाठीं गेले, तेथेंच थोड्या वर्षांत त्यांच्या संस्थेनें मळा विकत घेतला आणि त्या मळ्यावर गुलाम राबूं लागले. १७३९ सालीं झिंझेनडॉर्फ स्वतः तेथें गेला. त्यानें तुरुंगांत पडलेल्या आपल्या बंधूंची सुटका केली. पण निरोपाच्या भाषणांत गुलामांना मात्र आपल्या धन्यांशीं निष्ठेनें वागण्याचाच उपदेश केला. रोज सकाळीं वचन वाचलें जात होतें. परंतु त्याच वचनाचा प्रकाश आपल्याच मळ्यावर पाडून पाहण्याचें त्यांना सुचलें नाहीं. धीर देणारें वाक्य न्यायबुद्धि देईलच असें नाहीं. वादळांत न डगमगणारा माणूस अन्यायाच्या सांवलींत निश्चिंत झोंपूंही शकतो, ही गोष्ट लपविण्यांत धर्माचें हित नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण विसाव्या शतकांत मिळतें. डीट्रिख बोनहोफर हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ १९३९ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कला पोंचला. हिटलरच्या राज्यांत त्याच्या जिवाला धोका होता, म्हणून मित्रांनीं त्याची तिकडे सोय केली होती. वय तेहतीस वर्षांचें, पुढें मानाची जागा, सभोंवार सुरक्षितता. तरी त्याच्या मनाला चैन नव्हतें. स्वदेशाच्या संकटांत वांटा घेतला नाहीं तर युद्धानंतर देश पुन्हां उभारण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाहीं, असें त्याला वाटूं लागलें. आणि परत जाण्याकडे त्याचा कल झाला. २६ जून रोजीं त्यानें पौलाचें तीमथ्याला लिहिलेलें पत्र वाचलें. त्यांत वृद्ध पौलानें आपल्या शिष्याला हिवाळ्यापूर्वीं निघून येण्याविषयीं विनविलें आहे. तें वाक्य दिवसभर त्याच्या पाठीस लागलें. त्यानें दैनंदिनींत लिहिलें त्याचा भावार्थ असा कीं, हें आपल्यालाच सांगितलें आहे असें समजणें म्हणजे शास्त्राचा दुरुपयोग नव्हे. या पुढची गोष्ट ध्यानांत घ्यावी : निर्णय त्याच्या विवेकानें आधींच केला होता, वचनानें तो त्याच्याकरितां केला नाहीं, तो पाळण्याचें सामर्थ्य दिलें. जुलैच्या आरंभीं तो परत निघाला.

एप्रिल १९४३ मध्यें त्याला अटक झाली. बर्लिनच्या तुरुंगांतही हर्नहुटचें पुस्तक त्याच्याजवळ होतें. २० जुलै १९४४ रोजीं हिटलरच्या वधाचा प्रयत्न फसला. त्या कटाशीं बोनहोफरचा संबंध होता. आतां आपली सुटका नाहीं, हें त्याला कळून चुकलें असलें पाहिजे. दुसऱ्याच दिवशीं त्यानें आपल्या मित्राला पत्र लिहिलें, आणि त्यांत कालचीं व आजचीं वचनें किती सुंदर आहेत, याचाच प्रथम उल्लेख केला. कालचें वचन रथ व अश्व यांच्या बळापेक्षां ईश्वराच्या नामाचा आश्रय मोठा, अशा आशयाचें होतें. आजचें मेंढपाळाच्या स्तोत्रांतील होतें. चिठ्ठ्या काढणाऱ्याला त्या दिवसाची कल्पनाही नव्हती. ९ एप्रिल १९४५ रोजीं बोनहोफरला फांशी देण्यांत आली. पुढच्याच महिन्यांत, युद्ध संपतां संपतां, हर्नहुट गांवाचा मध्यभाग आगींत भस्मसात् झाला. तरीही वचनांचें पुस्तक निघावयाचें राहिलें नाहीं.

त्या काळीं हेंच पुस्तक जर्मनींतील अनेक घरांत वाचलें जात होतें, आणि तीं सर्व घरें कांहीं बोनहोफरचीं नव्हतीं. सकाळचें तेंच वचन वाचून कोणी तुरुंगांत ताठ उभा राहिला, आणि कोणी शेजाऱ्याला धरून नेतांना खिडकी लावून घेतली. म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, वचनाची किंमत तें कोठून आलें यावरून पूर्ण ठरत नाहीं. तें ऐकून माणूस उंबऱ्याबाहेर काय करतो, यावरून ती ठरते. हर्नहुटचा तो पहिला बंधु वचन सांगून लगेच परतला नाहीं. घरांत आजारी कोण, उपाशी कोण, हें त्यानें विचारलें. वचन आणि विचारपूस यांची ही जोडी जेथें जेथें टिकली, तेथें तेथें त्या धर्माचें तेज दिसतें. जेथें ती तुटली, तेथें नुसता पाठ उरतो.

आमच्या घरांतील सकाळच्या ओवीलाही हेंच माप लागू आहे. परवल ठाऊक असणें हें पहाऱ्यावर असलेल्या माणसाचें लक्षण आहे. जो अंथरुणांतून उठणारच नाहीं, त्याला परवलीचा शब्द सांगून काय उपयोग?