वैरी आणि रक्षक : एका जंतुसंबंधाचा इतिहास

सूक्ष्मजंतुशास्त्राचा इतिहास बहुधा शुद्ध संवर्धनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एक रोग, एक जंतू, एक औषध या सूत्राने शास्त्राला मोठे यश दिले, हे निर्विवाद होय. तथापि, डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये सविस्तर वर्णिलेल्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात हे सूत्र अपुरे पडते. रुग्णाच्या फुप्फुसातील दाट श्लेष्म्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्यूडोमोनस एरुजिनोसा हे जंतू पुष्कळदा एकत्र नांदतात.

यांपैकी दुसऱ्याची ख्याती इतर जंतूंचा वैरी अशीच होती. जखमेच्या पट्ट्यांना निळसर रंग आणणारा हा जंतू गेसार्ड यांनी १८८२ मध्ये वेगळा केला. त्याच्यामुळे सशांतील काळपुळीच्या रोगाला आळा बसतो, असे १८८९ मध्ये बुशार यांना आढळले. पुढे १८९९ मध्ये एमेरिख व लोव यांनी त्याच्यापासून 'पायोसायनेज' हे औषध सिद्ध केले.

या समजुतीला छेद देणारे निरीक्षण १९५४ मध्ये लाइटबाउन यांनी प्रसिद्ध केले. स्यूडोमोनस एक असे द्रव्य निर्माण करतो, की ज्याच्या सान्निध्यात स्ट्रेप्टोमायसिनचा प्रभाव मंदावतो. हे द्रव्य सायटोक्रोमद्वारा चालणारे श्वसन रोखते, असे १९५६ मध्ये लाइटबाउन व जॅक्सन यांनी दाखविले. यातील मर्म असे : या वर्गातील प्रतिजैविकांना पेशीत शिरण्यासाठी चालू श्वसनक्रियेची गरज असते. श्वसन खुंटले म्हणजे स्टॅफिलोकोकसची वाढ मंदावते खरी. परंतु किण्वनावर तो तग धरतो आणि औषधाचा मार्गही बंद होतो. वैऱ्याने केलेला आघातच अशा रीतीने त्याचे कवच बनतो.

हे निरीक्षण मूळचे औषधविषयक. फुप्फुसरोगाशी त्याची स्पष्ट सांगड २००६ मध्ये हॉफमन व सहकाऱ्यांनी घातली. या द्रव्याच्या दीर्घ सहवासात स्टॅफिलोकोकसचे लघुवसाहती प्रकार निवडले जातात व ते टोब्रामायसिनला दाद देत नाहीत, असे त्यांनी दाखविले. हे प्रकार सावकाश वाढत असल्याने नेहमीच्या तपासणीतून निसटण्याचा संभव असतो.

अर्धशतकाचे हे अंतर विचार करावयास लावणारे आहे. एकाकी वाढविलेल्या जंतूवर औषध चालते, एवढ्यावरून ते रुग्णातही चालेल असे म्हणता येत नाही. जंतूचा शेजार कोणता, हा प्रश्नही निदानाचाच भाग मानला पाहिजे.