मानमोडी आणि दुष्काळ

घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘मानमोडी’ हा शब्द आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला असेल. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे पडलेले हे नाव. जूनमध्ये हा ताप मुंबईत दिसला आणि आगगाडीबरोबर देशभर गेला. सप्टेंबरात तो उलटला, तो भयंकर होऊन. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

परंतु सारा देश सारखाच होरपळला, असे नाही. मुंबई इलाखा व मध्यप्रांत-वऱ्हाड येथे कहर झाला. बंगाल, आसाम आणि मद्रास इलाखा त्या मानाने बचावले. असे का व्हावे? पूर्वेकडे जाता जाता साथ सौम्य झाली, असे काही अभ्यासक म्हणतात. काही हवामानाकडे बोट दाखवितात. त्यांत तथ्य असेल. पण त्याच वर्षी पश्चिम व मध्य भागांत पाऊस फसला होता, धान्य कडाडले होते, हे आपण विसरता कामा नये. अर्धपोटी माणसाला ताप लवकर नेतो. स्त्रिया पुरुषांहून अधिक दगावल्या. घरात मागाहून जेवणाऱ्या आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या त्याच होत्या.

आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले, तर १९२१ ची लोकसंख्या १९११ हून कमी भरते. या तुटीचा हिशेब मांडताना आपण रोगाइतकीच दुष्काळाचीही नोंद केली पाहिजे.