शाही झाडाची मुळे

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यालगत सुमारे 70 हेक्टरांचे राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. थोर, डिंक देणारा कुमट अशी वाळवंटी झाडे आज तिथे दिसतात. 2006 साली काम सुरू झाले तेव्हा मात्र सगळीकडे वेडी बाभूळ माजली होती. मूळची अमेरिकेतली ही बाभूळ ओसाड जमीन हिरवी व्हावी म्हणून मुद्दाम लावलेली. 1940 साली तर जोधपूर संस्थानाने तिला ‘शाही झाड’ ठरवले होते!

ती काढायची कशी? वरून तोडली की जमिनीखालच्या बुंध्यातून पुन्हा फुटते. बुंधा काढायचा तर ज्वालामुखीतून बनलेला टणक रायोलाइट खडक फोडायला हवा. प्रकल्पाचे प्रमुख प्रदीप क्रिशन यांच्या मदतीला आले दगडखाणीत काम करणारे खंडवालिया. हातोड्याच्या आवाजावरून खडक कुठे फुटेल हे ते ओळखत. बाभळी निघाल्या, त्या खड्ड्यांत स्थानिक रोपे लागली. 2011 साली उद्यान लोकांसाठी खुले झाले.

शाळेत वृक्षारोपण करताना हा इतिहास मुलांना जरूर सांगावा. झाडे किती लावली, याच्या आधी कोणती लावली, हे विचारायला हवे.