कावसजीचे नाक

परभणीच्या बाजारात दिवाळीच्या पणत्या घेताना मला दरवर्षी एका जुन्या छापील चित्राची आठवण होते. ते चित्र कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचे आहे.

कावसजी जातीने शेतकरी. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकी. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभर बिचारा तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला चक्क नवे नाक करून दिले! हा माणूस कोणी राजवैद्य नव्हता. विटा करणाऱ्या जातीतला, म्हणजे आपला कुंभारच म्हणा ना.

त्याने आधी मेणाचे नाक केले. ते कपाळावर पसरून भोवती रेघ आखली. रेघेवरून कातडी सोडवली. दोन डोळ्यांमध्ये मात्र एक चिंचोळी पट्टी जोडलेली राखली. तिच्यातून रक्त मिळत राहिले, म्हणून कातडी जगली. ती फिरवून नाकाच्या जागी बसवली आणि वर ओल्या काथाच्या चिंध्या ठेवल्या. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो दुवा कापला.

मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीला चितारले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. त्या काळी असे चित्र छापायचे म्हणजे ते तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरायचे, रेघांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि त्यावर ओलसर कागद दाबायचा. एका कारागिराने कातडीवर रेघ ओढली, दुसऱ्याने तांब्यावर. ही दुसरी रेघ नसती, तर पहिली इतक्या दूर पोचती ना! लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली याच रीतीने नाक बसवले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करण्याची रीत आजही चालू आहे.

पण वाचकहो, एक गोष्ट मनाला लागते. रुग्णाचे नाव उरले, चित्रकाराचे उरले, कार्प्यूचेही उरले. ज्याच्या हातांनी नाक घडले, त्याचे नाव मात्र त्या हकीकतीत कोणी टिपले नाही.

यंदा पणत्या घेऊन निघालो आणि थबकलो. इतकी वर्षे ज्याच्याकडून घेतो, त्या कुंभाराचे नाव मला तरी कुठे ठाऊक होते? परत फिरलो, विचारले, आणि घरी आल्यावर हिशेबाच्या वहीत पणत्यांच्या पुढे ते नीट लिहून ठेवले.