चार माणसांची यंत्रशाळा

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना आपली दृष्टी साहजिकच अवाढव्य कारखान्यांकडे वळते. उंच धुराडी, भोंग्यासरशी आत-बाहेर करणारे हजारो कामगार आणि अमाप भांडवल, असेच यंत्रविद्येच्या प्रगतीचे चित्र आपल्या मनावर ठसलेले असते. या चित्राला छेद देणारी एक हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे. ती आहे इंग्लंडातील 'कॉसवर्थ' या छोट्या यंत्रशाळेची. शर्यतीच्या मोटारींची इंजिने बनवणे हा तिचा व्यवसाय. मोठमोठ्या मोटार-कारखान्यांना वर्षानुवर्षे जे साधले नाही, ते या यंत्रशाळेने मूठभर माणसांच्या बळावर साधले. ते कसे, हाच आजचा विषय.

या संस्थेचे नावच मुळी दोन माणसांच्या स्नेहातून जन्मले. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ हे दोघे अभियंते 'लोटस' या शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या संस्थेत नोकरीस होते. कॉस्टिन विमानाच्या कारखान्यात उमेदवारी करून तेथे आले होते, तर डकवर्थ यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. लोटसचे चालक कॉलिन चॅपमन मोठे कल्पक गृहस्थ. परंतु गिअरबॉक्स सुधारण्याच्या कामावरून त्यांचे आणि डकवर्थ यांचे पटेना. डकवर्थ बाहेर पडले. १९५८ साली दोघा मित्रांनी आपल्या आडनावांचे तुकडे जोडून 'कॉसवर्थ' ही संस्था काढली. डकवर्थ तेव्हा २५ वर्षांचे होते आणि कॉस्टिन २९ वर्षांचे. कॉस्टिन मात्र करारात अडकलेले असल्यामुळे १९६२ पर्यंत लोटसमध्येच राहिले. एवढा काळ डकवर्थ यांनी जवळजवळ एकट्याने गाडा ओढला.

नशिबाने हात दिला तो एका साध्या घरगुती मोटारीच्या रूपाने. १९५९ साली फोर्ड कंपनीने 'अँग्लिया' नावाची छोटी गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनात सिलिंडरची रुंदी जास्त आणि दट्ट्याची धाव फारच थोडी होती. दट्ट्याला जितके कमी अंतर कापावे लागेल, तितके इंजिन अधिक वेगाने फिरवता येते, हे डकवर्थ यांनी हेरले. त्यांनी या इंजिनाच्या झडपा उघडणारी कॅमची घडण बदलली, श्वासमार्ग मोकळे केले, आणि ३९ अश्वशक्तीच्या त्या गरीब यंत्राला शर्यतीच्या घोड्याचे बळ आणले. मार्च १९६० मध्ये गुडवुड येथे जिम क्लार्क या तरुण स्कॉटिश चालकाने या इंजिनाच्या गाडीत 'फॉर्म्युला ज्युनिअर' शर्यत जिंकली. मागण्यांचा ओघ सुरू झाला. संस्था तगली. १९६४ साली तिने पादत्राणांसाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्दॅम्प्टन शहरात आपले बिऱ्हाड थाटले.

डकवर्थ आणि कॉस्टिन यांच्या जोडीला आणखी दोघे होते. बिल ब्राउन यांनी कामाची व्यवस्था सांभाळली, तर बेन रूड हे धातुकामातील निष्णात कारागीर होते. डकवर्थ विचार करणार, रूड तो विचार धातूत उतरवणार, कॉस्टिन तो कसाला लावणार आणि ब्राउन हा प्रपंच चालता ठेवणार, अशी ही विभागणी होती. प्रचंड कारखान्यात आराखडा काढणारा आणि भाग घडवणारा यांच्यामध्ये अनेक दालने व अनेक अधिकारी असतात. येथे ते अंतर चार पावलांचे होते. सकाळी सापडलेली चूक सुधारण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नव्हती. डकवर्थ यांचा स्वभावही याला पूरक होता. प्रयोग करीत बसणे म्हणजे आराखडा काढणाराच्या अज्ञानाची भरपाई होय, असे त्यांचे मत होते. म्हणून जे काही रेखाटायचे, ते मुळापासून विचार करूनच, असा त्यांचा बाणा होता.

या बाण्याची खरी परीक्षा पुढे झाली. १९६६ पासून फॉर्म्युला वन स्पर्धेत तीन लिटर क्षमतेच्या इंजिनांचा नियम लागू व्हावयाचा होता, आणि लोटसला इंजिने पुरवणाऱ्या 'कॉव्हेंट्री क्लायमॅक्स' कंपनीने अंग काढून घेतले होते. चॅपमन यांनी फोर्डचे अधिकारी वॉल्टर हेज यांच्याकडे धाव घेतली. हेज हे मूळचे वृत्तपत्राचे संपादक. त्यांनी फोर्डला गळ घातली आणि दोन इंजिनांसाठी एक लाख पौंड मंजूर करून घेतले. पहिले इंजिन चार सिलिंडरचे, दुसऱ्या श्रेणीच्या शर्यतींसाठी. त्याच्या अनुभवावर दुसरे आठ सिलिंडरचे. जणू दोन चौकड्या काटकोनात जोडल्या, म्हणून त्याचे नाव 'डबल फोर व्हॉल्व्ह', संक्षेपाने 'डीएफव्ही'.

डकवर्थ घरी आराखड्याच्या फळ्याशी महिनोन्‌महिने बसून होते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, आणि त्या परस्परांच्या शक्य तितक्या जवळ झुकलेल्या. त्यामुळे ज्वलनाची जागा आटोपशीर झाली आणि इंधन जलद व पुरते जळू लागले. याहून धाडसी कल्पना निराळीच होती. या गाडीत इंजिन सांगाड्याच्या कुशीत ठेवलेले नव्हते. ते सांगाड्याच्या पाठीला बोल्टांनी जोडले होते आणि मागच्या चाकांचा भार थेट त्याच्यावर टाकला होता. म्हणजे इंजिन हाच गाडीचा कणा झाला.

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे हे इंजिन प्रथमच शर्यतीत उतरले. ग्रॅहॅम हिल सर्वांत पुढच्या जागेवरून निघाले. परंतु कॅम फिरवणाऱ्या दंतचक्राचे दात तुटून त्यांची गाडी थांबली. जिम क्लार्क यांनी ती गाडी त्याआधी कधी चालवलीही नव्हती. ते आठव्या जागेवरून निघाले आणि शर्यत जिंकून गेले. जगाने जयजयकार केला. यंत्रशाळेला मात्र त्या तुटलेल्या दातांची चिंता लागली. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा हिसका त्या चक्रांना बसत होता. अखेर डकवर्थ यांनी चक्राच्या तुंब्यात पीळ सोसणाऱ्या बारीक पोलादी दांड्या बसवल्या. त्यांनी तो हिसका गिळला.

यानंतर हेज यांनी जो निर्णय घेतला, त्यानेच या हकीकतीला इतिहासाचे मोल आले. एकट्या लोटसकडे असे इंजिन राहिले तर शर्यतीत रामच उरणार नाही, हे ओळखून त्यांनी ते प्रतिस्पर्ध्यांनाही विकण्यास खुले केले. किंमत सुमारे ७,५०० पौंड. आता ज्याच्यापाशी चांगला सांगाडा घडवण्याची अक्कल आहे, त्याला इंजिनाच्या कारखान्याची गरज उरली नाही. केन टायरेल हे लाकडाचे व्यापारी; त्यांच्या चमूतून जॅकी स्ट्युअर्ट १९६९ साली जगज्जेते झाले. मॅक्लारेन आणि विल्यम्स यांसारखे चमूही याच इंजिनावर वाढले. १९६९ आणि १९७३ या दोन वर्षी तर जागतिक स्पर्धेतील एकूण एक शर्यत याच इंजिनाने जिंकली. एका यंत्रशाळेच्या आधाराने इंग्लंडात अशा अनेक यंत्रशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांतून एक उद्योगच आकाराला आला.

कोणत्याही यंत्राला वार्धक्य चुकत नाही. १९७७ मध्ये फ्रान्सच्या रेनॉने टर्बोचे इंजिन आणले, आणि पुढील काही वर्षांत त्या वाढत्या बळापुढे कॉसवर्थला मागे हटावे लागले. १९८३ साली डेट्रॉइट येथे मिकेले आल्बोरेतो यांनी या घराण्याला शेवटचा विजय मिळवून दिला. तो होता १५५ वा. डकवर्थ २००५ साली निवर्तले. संस्थेचे मालक अनेकदा बदलले. पण नाव टिकले. ३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा आपले नारायण कार्तिकेयन ज्या गाडीतून धावले, तिचे इंजिनही कॉसवर्थचेच होते.

या हकीकतीत चमत्कार नाही, की केवळ एका बुद्धिमंताची प्रतिभाही नाही. बाहेरचा पैसा लागला, हे खरे. परंतु एक लाख पौंड खर्चणे फोर्डपेक्षाही कितीतरी जणांना शक्य होते. ज्यांना विचार आणि हात यांच्यातील अंतर मिटवता आले, त्यांच्याच हातून हे इंजिन घडले. आणि ते स्वतःपुरते न राखता इतरांच्या हाती दिले गेले, म्हणूनच त्या छोट्या यंत्रशाळेचा इतिहास एका अख्ख्या उद्योगाचा इतिहास होऊन बसला.