दिव्यांगांसाठी घर : कायदा काय देतो आणि पर्याय कोणते?

सुरत शहराच्या उत्तरेस, तापीपलीकडे कोसाड हे उपनगर आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाखाली सुरत महानगरपालिकेने येथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी मोठी वसाहत उभारली आणि तापीकाठच्या झोपडपट्ट्यांतील अनेक कुटुंबे तेथे हलविली. २००६ च्या महापुराचा तडाखा सोसलेल्या शहरात हे स्थलांतर सुरक्षिततेसाठी आवश्यक मानले गेले. इमारतींची रचना तळमजला आणि त्यावर तीन मजले अशी असून, वर जाण्यासाठी जिना आहे. नदीकाठची झोपडी कितीही मोडकी असली, तरी तिचे दार जमिनीला लागून होते. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या व्यक्तीच्या वाट्याला अशा इमारतीचा तिसरा मजला आला, तर पक्के घर मिळूनही तिचे बाहेर पडणे इतरांच्या खांद्यावर अवलंबून राहते.

म्हणून दिव्यांगांच्या निवासाचा विचार करताना घर मिळाले की नाही एवढेच पाहून भागत नाही. त्या घरात ती व्यक्ती स्वतःच्या इच्छेने ये-जा करू शकते का, हेही पाहावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ नुसार दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे आणि विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती त्यांच्यावर होऊ नये, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. निवासाचे पुढील पर्याय याच तत्त्वाच्या आधारे तपासावेत.

स्वतःच्या घरात बदल

बहुतेक कुटुंबांसाठी हाच पहिला पर्याय असतो. गोव्यातील पारंपरिक घरांना उंच जोते व पायऱ्या असतात. उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे ४५ सेंटीमीटर उंचीच्या जोत्यासाठी ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. अंगणात तेवढी जागा आहे का, हे आधी मोजावे. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असावी आणि खुर्ची वळविण्यासाठी किमान दीड मीटर व्यासाची जागा राखावी. अनेकदा खरी अडचण न्हाणीघर व शौचालयाच्या दाराशी येते, त्यामुळे मोजमाप तेथून सुरू करणे श्रेयस्कर.

घरकुल योजनेतील घर

अधिनियमाच्या कलम ३७ नुसार संबंधित योजनांमध्ये शेतजमीन व घरांच्या वाटपात लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण असून, दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबाला तळमजला किंवा खालचा मजला देताना प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. आरक्षण घर मिळवून देते, मजला ठरवत नाही. म्हणून अर्जातच दिव्यांगत्वाची नोंद करून तळमजल्याची मागणी लेखी करावी व पोचपावती जपून ठेवावी.

आधारासह निवास

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यासाची स्थापना झाली. न्यासाच्या ‘समर्थ’ व ‘घरौंदा’ यांच्या एकत्रित योजनेत निवासी विसावा केंद्रे आणि प्रौढांसाठी सामूहिक निवास यांचा समावेश आहे. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ ही चिंता असलेल्या पालकांनी जागेची चौकशी वेळेत करावी. मूल १८ वर्षांचे झाल्यावर गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

मनोविकारातून सावरणाऱ्यांसाठी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये हाफवे होम, म्हणजे रुग्णालय व घर यांच्या मधल्या टप्प्यातील निवास, तसेच आश्रयी व आधारयुक्त निवास यांची तरतूद आहे. कुटुंबाने नाकारले किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी

प्रथम दिव्यांगत्वाचे विशेष ओळखपत्र काढून घ्यावे. बहुतेक योजनांचा मार्ग तेथूनच जातो. कोणतीही निवासी संस्था निवडताना तेथे राहणाऱ्याला भेटीगाठींची, बाहेर जाण्याची आणि निवास सोडण्याची मोकळीक आहे का, हे विचारावे. वाटपात हक्क डावलला गेल्यास राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे दाद मागता येते.

सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते न ठेवता त्यांचे बंधनकारक नियम करावेत, असा आदेश केंद्राला दिला. मात्र एकदा बांधलेला जिना नियमाने नाहीसा होत नाही. त्यामुळे घराचा ताबा घेण्याआधी संबंधित व्यक्तीला प्रत्यक्ष तेथे नेऊन रस्त्यापासून न्हाणीघरापर्यंतची वाट तिच्याकडूनच तपासून घ्यावी आणि निर्णयात तिचा शब्द अखेरचा मानावा.