मुंबईच्या फिती आणि रॉकची पुनर्प्रकाशने

रॉक संगीताचा चोखंदळ श्रोता वर्षअखेरीस आपल्या आवडत्या अल्बमची यादी करतो, तेव्हा तीत नव्या ध्वनिमुद्रिकांच्या बरोबरीने जुन्या ध्वनिमुद्रिकांची पुनर्प्रकाशनेही असतात. पुनर्प्रकाशन म्हणजे केवळ जुनी तबकडी पुन्हा छापणे नव्हे. मूळ फीत शोधून तिच्यातील आवाजाचा समतोल नव्याने साधायचा, ज्याला रीमास्टरिंग म्हणतात, आणि पूर्वी वगळलेल्या मुद्रणांची तिला जोड द्यायची, असा हा व्याप असतो. बाळकुम-ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या रॉकप्रेमींच्या दृष्टीने २०१४ आणि २०१५ ही वर्षे अशा याद्यांत वेगळी ठरतात, कारण मुंबईत मुद्रित होऊन चार दशकांहून अधिक काळ कपाटात पडून राहिलेले संगीत त्या दोन वर्षांत अधिकृतपणे बाहेर आले.

त्यांपैकी पहिले मुद्रण जानेवारी १९६८ मधील आहे. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत आला, तेव्हा तेथे स्टिरिओ मुद्रणाची, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन ध्वनिमार्ग स्वतंत्रपणे टिपण्याची सोय नव्हती, आणि म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांचे यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने स्वतः मुंबईला आणले. (हेच मेनन पुढे अमेरिकेतील कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले.) स्टुडिओत बाहेरचा आवाज पुरता अडत नसे, संध्याकाळी साडेपाचला इमारतीतील कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे आणि काही मुद्रणांत रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात, असे हॅरिसनने पुढे सांगितले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हनुमान जाधव आणि शरद कुमार यांची सनई, एस. आर. केंकरे यांची बासरी, चंद्रशेखर नारिंग्रेकर यांचे सूरबहार अशी या अल्बमची वादकमंडळी होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये निघालेला ‘वंडरवॉल म्युझिक’ हा बीटल्सच्या ॲपल कंपनीचा पहिला अल्बम ठरला, आणि त्याच मुक्कामात मुद्रित झालेल्या वाद्यसंगीतावर लंडनमध्ये गायन चढवून ‘द इनर लाइट’ हे गीत तयार झाले. २०१४ च्या पुनर्प्रकाशनात या गीताचे केवळ वाद्यांचे एक वेगळे मुद्रण आणि ‘ऑलमोस्ट शंकरा’ ही पूर्वी वगळलेली रचना समाविष्ट झाली. हॅरिसनचा आवाज बाजूला झाल्यामुळे मुंबईच्या वादकांची कामगिरी प्रथमच इतकी उघडपणे कानी पडते, आणि या आवृत्तीचे खरे मोल तेच आहे.

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, येथील वादकांना जमवून त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गीते नव्याने मुद्रित केली, आणि त्याच वर्षी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये ते वाजवूनही गेले. ती मुद्रणे चोरट्या प्रतींतून संग्राहकांच्या हाती फिरत राहिली आणि अखेर जुलै २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे आली. त्यातील ‘फोर स्टिक्स’ला ‘फोर हँड्स’ असे नाव मिळाले.

मुंबईच्या स्वतःच्या रॉकला मात्र इतके जपणारे कोणी घरात भेटले नाही, ही खेदाची बाब आहे. सिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या १९७० आणि १९७१ च्या दोन एलपी, म्हणजे मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्या, आणि ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईकर वाद्यवृंदाची ‘ऑब्सेशन ’७७’ ही एलपी यांना नवे श्रोते मिळाले ते प्रामुख्याने परदेशी कंपन्यांमुळे; ‘ऑब्सेशन’चे पुनर्प्रकाशन अमेरिकेतील नाऊ-अगेन कंपनीने केले. पुढे १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव भरू लागला. मध्य रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापासून चालत गाठता येईल एवढ्याच अंतरावर असलेले हे खुले नाट्यगृह ठाणे-कल्याणच्या श्रोत्यांनाही सोयीचे होते. त्याच पिढीच्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी रचनांचा अल्बम काढला, आणि पुढे हाच वाद्यवृंद ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला जाऊ लागला.